सॅक घातल्यावर पिस्तूल कुठे लावायचं? ट्रेकर्सचे चार प्रश्न

अलास्कात अँकरेजला राहून मला आता बरीच वर्षं झाली. इथे ट्रेकला निघताना अस्वलांसाठी पिस्तूल सोबत घेणारे खूप जण असतात, आणि अमेरिकेतले मराठी ट्रेकर्स मला याबद्दल सारखं विचारत असतात. त्यातले चार प्रश्न आज घेतो.

"मी सिएटलला असतो. पिस्तूल कमरेच्या बेल्टला लावतो, पण सॅक घातली की तिच्या कमरपट्ट्याखाली मूठ दाबली जाते आणि ते निघतच नाही. सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकलं तर चालेल का?"

नाही चालणार. ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वल, ताशी ५५ किमीच्या आसपास पळतं, म्हणजे तीस मीटर यायला त्याला दोनच सेकंद लागतात आणि तेवढ्यात तुमचा खांद्यामागे गेलेला हात चेनपर्यंतसुद्धा पोचणार नाही. मग बरेच जण काय करतात, होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, थेट सॅकच्या कमरपट्ट्यालाच अडकवतात. मीही आधी तेच करायचो.

एकदा क्रो पासला गेलो होतो, गर्डवुडहून निघून ईगल रिव्हरला उतरणारा ट्रेल. मध्ये ईगल नदी चालत ओलांडावी लागते, ग्लेशियरचं पाणी, दोन मिनिटांत पाय बधिर होतात. नदीत शिरताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा असतो, पाय घसरलाच तर सॅक टाकून देता यावी म्हणून. मी पट्टा सोडला तसं होल्स्टर मांडीच्या मागे लोंबकळायला लागलं, आणि नदीच्या मधोमध उभा असताना माझ्या डोक्यात आलं की आत्ता सॅक गेली तर पिस्तूलही तिच्यासोबत वाहत जाणार. पलीकडे पोचल्यावर ओले मोजे बदलायला सॅक टेकवली आणि दहा पावलांवरच्या दगडावर जाऊन बसलो, आजूबाजूला ब्लूबेरीची झुडपं, म्हणजे अस्वलांचं जेवणाचं ताटच, आणि पिस्तूल तिकडे सॅकजवळ.

त्या दिवसापासून माझं एकच म्हणणं आहे, पिस्तूल अंगाला पाहिजे, सॅकला नाही. जेवायला बसता, लघवीला जाता, पाणी भरायला ओढ्यावर उतरता तेव्हा सॅक पाठीवर नसते आणि अस्वल नेमकं तेव्हाच समोर येऊ शकतं. म्हणून इथले गाइड छातीवरचं होल्स्टर वापरतात. आधी त्याचे पट्टे अंगावर चढवायचे, त्यावर सॅक. मांडीला बांधायचं होल्स्टर मात्र घेऊ नका, चढावर प्रत्येक पावलाला ते वजन हलतं आणि संध्याकाळी गुडघा बोलायला लागतो.

"डेन्व्हरहून लिहितेय. सप्टेंबरमध्ये ग्रँड टेटन नॅशनल पार्कला चार दिवस जायचंय. छातीवरचं होल्स्टर बायकांना नीट बसतं का? चामड्याचं घेऊ की प्लास्टिकचं?"

बसतं, फक्त दुकानातल्या पुतळ्यावर दिसतं तेवढं वर नाही लावायचं. छातीच्या खाली, बरगड्यांच्या खालच्या कडेवर आणा आणि थोडं तिरकं करा. घरी सॅक पूर्ण भरून, पाण्यासकट, पाठीवर घ्या, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासा, मग जिने चढा, वाकून बुटाची लेस बांधा, खाली बसा. उतारावर पाय कुठे पडतोय ते दिसतंय का बघा, नसेल दिसत तर होल्स्टर अजून बाजूला सरकवा. पिस्तूल काढताना नळीसमोरून डावा हात जातोय का तेही बघा, ही चूक मी फार जणांची पाहिलीय.

चामडं अंगाला मऊ लागतं, पण दोन दिवस पावसात भिजलं की वाळता वाळत नाही. कायडेक्स म्हणजे कडक प्लास्टिक, पिस्तूल आत गेलं की टक् असा आवाज येतो, पाण्याचं काही वाटत नाही, मी तेच वापरतो. कुठलंही घ्या पण ट्रिगर पूर्ण झाकलेला पाहिजे. रिकामं पिस्तूल घालून होल्स्टर गादीवर उलटं धरा आणि जोरात हलवा, पडलं तर ते परत करा. वजनाचा पण विचार करा, गोळ्या भरलेलं ग्लॉक २० पिस्तूल अकराशे ग्रॅमच्या आसपास जातं आणि पट्टा अरुंद असेल तर तिसऱ्या दिवशी मान धरते.

आणि रेनकोट! होल्स्टर आत राहिलं तर ते नसल्यातच जमा. पट्टे एवढे ढिले होतील असं बघा की रेनकोटवरून घालता येईल. ट्रेकिंग पोलच्या दोऱ्यांत मनगटं अडकवू नका, हात मोकळा व्हायला तेवढाच वेळ जातो.

"पिस्तूल आहे तर अस्वलावर मारायच्या मिरचीच्या स्प्रेचं ओझं कशाला?"

कारण स्प्रे जास्त चालतो. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांचा अभ्यास २००८ मध्ये आला, त्यात तपकिरी अस्वलांना स्प्रेनं ९२ टक्के वेळा थांबवलं आणि अस्वलाशी जवळून गाठ पडून स्प्रे वापरलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना काही इजा झाली नाही. २०१२ च्या बंदुकांच्या अभ्यासात हँडगनचं, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचं, यश ८४ टक्के होतं, पण लोकांना होणाऱ्या इजेत बंदूक वापरणारे आणि न वापरणारे यांच्यात फरक दिसला नाही. घाबरलेल्या माणसाला धावत्या अस्वलावर नेम धरायचा असतो, स्प्रेचा ढग मात्र थोडा चुकला तरी काम करतो. म्हणून माझ्या उजव्या हाताला आधी सापडतो तो स्प्रे, तोही अंगावरच्या बेल्टला, आणि पिस्तूल छातीवर. समोरून जोराचा वारा असेल तर स्प्रे आपल्याच डोळ्यांत येतो, तेव्हा दुसरा पर्याय हवा, एवढंच पिस्तुलाचं काम.

फेब्रुवारी २०१० पासून नॅशनल पार्कमध्ये बंदूक जवळ ठेवायला त्या त्या राज्याचा कायदा लागतो, पण व्हिजिटर सेंटर आणि रेंजर स्टेशनच्या आत नेता येत नाही, आणि जवळ ठेवता येते म्हणजे चालवता येते असं नाही. योसेमिटीत तर स्प्रेलाही बंदी आहे.

"मी एच-वन-बीवर आहे, आई-बाबा पुण्याहून बी-टूवर आलेत, आम्ही सगळे अलास्काला येतोय. तिथे परमिट लागत नाही म्हणे, मग मित्राचं पिस्तूल घेऊ का?"

नका घेऊ, प्लीज. अलास्कात परमिट लागत नाही हे खरं, पण फेडरल कायद्यानं एच-वन-बी, एफ-वन, बी-टू अशा व्हिसावरच्या माणसाला पिस्तूल किंवा गोळ्या जवळ ठेवायलाच मनाई आहे. राज्याचं हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर काही करायच्या आधी वकिलाला विचारा, कारण चूक झाली तर गुन्हा फेडरल आणि व्हिसाही जातो. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. मित्र सोबत येणार असेल तर पिस्तूल त्याच्याच अंगावर राहू दे, ओढा ओलांडताना "काका, जरा धरा" म्हणून बाबांच्या हातात द्यायचं नाही.

तुम्ही तिघंही स्प्रे घ्या. विमानात तो चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये, त्यामुळे अँकरेजला उतरल्यावरच घ्या. मिरची नसलेले प्रॅक्टिसचे कॅनही मिळतात, त्यातला एक घेऊन ट्रेल सुरू होतो तिथल्या पार्किंगमध्येच आई-बाबांकडून सेफ्टी क्लिप दोन-तीनदा काढून घ्या, थंडीत हातमोजे घातल्यावर ती निघते का तेही बघा.