विन्यु वेर्द: हिरवी की कोवळी?

प्रश्न असा आला आहे: पोर्तुगालमधल्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘विन्यु वेर्द’ हे वाईनचं नाव आलं. शब्दशः ते ‘हिरवी वाईन’ होतं, पण ही वाईन तर पांढरी असते. मग मराठीत काय लिहावं? आणि ती कशाबरोबर पितात?

‘हिरवी वाईन’ लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘वेर्द’ म्हणजे हिरवा हे खरं, पण आपण न पिकलेल्या केळ्याला हिरवं म्हणतो, तसाच अपक्व, कोवळा हा अर्थही त्याच शब्दात आहे. पुरावा पोर्तुगीज लोकांच्या बोलण्यातच सापडतो. तिथे ‘वेर्द’च्या समोर उभा राहतो तो ‘मादुरु’ हा शब्द, म्हणजे पिकलेला. विन्यु वेर्द जिथे बनते त्या प्रदेशाबाहेरच्या साध्या वाईनला ते सरसकट ‘विन्यु मादुरु’ म्हणतात. शिवाय विन्यु वेर्द लालही असते, गुलाबीही असते. रंगाचा अर्थ धरला तर ‘हिरवी लाल वाईन’ म्हणायची वेळ येईल!

हा प्रदेश म्हणजे पोर्तुगालचा वायव्य कोपरा, मिन्यु. १९०८ साली त्याच्या सीमा कायद्याने आखल्या गेल्या. अटलांटिकवरून येणारा भरपूर पाऊस, ग्रॅनाइटची जमीन, उंच मांडवांवर चढवलेल्या वेली. त्यामुळे द्राक्षांत आंबटपणा टिकतो. वाईन बहुधा लवकर बाटलीत भरतात आणि लवकरच पितात. नावाचं मूळ या हिरव्यागार मुलखातच आहे असंही एक मत आहे, आणि ते टाकाऊ नाही. पण ‘मादुरु’ची जोडी मला जास्त बोलकी वाटते.

म्हणून माझी निवड ‘कोवळी’. ‘कच्ची’ म्हटलं की कच्ची दारू आठवते, ‘हिरवट’ची छटा तर भलतीच. ‘मादुरु’साठी आपल्याकडे लोणच्यातला ‘मुरलेली’ हा शब्द जवळचा आहे, जरी प्रत्येक ‘मादुरु’ जुनी असतेच असं नाही. मूळ नाव ठेवून पहिल्यांदा येईल तिथे ‘कोवळी वाईन’ असा खुलासा द्यावा. उच्चार लिहायला आपली लिपी फार सोयीची: पोर्तुगीज ‘एनएच’ म्हणजे थेट आपला ञ. काटेकोर लिहायचं तर ‘विञु’. मिन्युतली माणसं मात्र ‘व’चा ‘ब’ करतात, त्यामुळे त्यांच्या तोंडी ‘बिञु बेर्द’ ऐकू येतं.

आता ताट. आंबूसपणा, जिभेवर हलकी चुरचुर आणि बेताचं अल्कोहोल, त्यामुळे तेलकट माशाशी तिचं छान जमतं. निखाऱ्यावर भाजलेल्या सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या नात्यातल्या मासळीवर आपण लिंबू पिळू, ते काम तिथे ही वाईन करते. लसूण-कोथिंबीर घातलेल्या तिसऱ्यांबरोबरही तीच. आल्वारिन्यु या द्राक्षाची वाईन जरा भारदस्त असते, ती खारवलेल्या कॉड माशालाही पेलते.

याच मुलखातलं ‘काल्दु वेर्द’ हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या पानकोबीसारख्या भाजीचं सूप. त्यातला ‘वेर्द’ मात्र खरोखर हिरवा! एकाच टेबलावर एकच शब्द दोन अर्थांनी बसलेला असतो. अनुवाद करताना इथे ‘हिरवं सूप’ बिनधास्त लिहा.

‘विन्यु’ हा शब्द गोव्यामार्गे आपल्यापर्यंत पोचला आहेच, फक्त ओळखू येत नाही. मांस वाईन आणि लसणात मुरवायची पोर्तुगीज पद्धत गोव्यात आली, वाईनच्या जागी माडाचा व्हिनेगर आला आणि ‘विंदालू’ तयार झालं. त्यातला ‘आलू’ बटाटा नव्हे, तो ‘आल्यु’, म्हणजे लसूण.