गणिताची पुस्तकं आवडतात, मग गणितच करू द्यावं का?

प्रश्न थोडक्यात: मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. फर्माच्या शेवटच्या प्रमेयावरचं सायमन सिंग यांचं पुस्तक तिनं दोनदा वाचलं आणि आता इंजिनिअरिंग नको, गणितच घ्यायचं म्हणते. कॉलेजच्या चाचणीत गणिताला ५० पैकी ३२. वडिलांचं म्हणणं, गोष्टी वाचून कुणी गणिती होत नाही. आई विचारते, कुणाचं ऐकू?

ताई, एवढ्यात कुणाचंच नको. ३२ गुणांवरून फार तर इतकंच कळतं की त्रिकोणमितीची सूत्रं वेळेत आठवली नाहीत. आणि पुस्तक दोनदा वाचलं यावरूनही फारसं कळत नाही. गणिती अँड्र्यू वाइल्स यांनी १९९३ मध्ये त्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली, तिच्यात खोट निघाली, ती १९९४ मध्ये दुरुस्त झाली, हा भाग गणित नावडणाऱ्यालाही खिळवून ठेवतो. १९९५ मध्ये छापून आलेली मूळ सिद्धता मात्र शंभराहून जास्त पानांची आहे आणि ती वाचायला एम.एस्सी.च्याही पुढची तयारी लागते. गणित कुठे थांबलं आणि नुसती गोष्ट कुठे सुरू झाली, हे अशा पुस्तकात वाचताना लक्षात येत नाही. लेखकाचा दोष नाही, हा प्रकारच तसा आहे.

त्याच पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टं आहेत. ती वाचलीस का, एवढं तिला विचारा. बरेच वाचक ती पानं सोडून देतात. त्यात २ चं वर्गमूळ अपरिमेय, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकारात न मांडता येणारं, असल्याची सिद्धता आहे. ती समजून घेऊन, पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर लिहायला सांगा. मग ३ च्या वर्गमुळासाठी तशीच लिहू दे. मग ४ साठी. ४ चं वर्गमूळ तर सरळ २ आहे, म्हणजे सिद्धता कुठेतरी मोडायलाच हवी. कुठे, ते तिनं शोधायचं. (३६ हा ६ चा वर्ग. ३६ ला ४ नं भाग जातो, ६ ला जात नाही; २ किंवा ३ नं वर्गाला भाग गेला तर त्या संख्येलाही जातोच. गोम इथेच आहे. पण हे तिला आधी सांगू नका.)

दुसरा प्रयोग युक्लिडच्या सिद्धतेचा: मूळ संख्या कधी संपत नाहीत. इथे मुलं हमखास लिहितात की मूळ संख्यांची यादी घेऊन त्या सगळ्यांचा गुणाकार करून १ मिळवला की नवी मूळ संख्या मिळते. तसं नाही. २×३×५×७×११×१३ + १ = ३००३१, आणि ३००३१ = ५९×५०९. तरीही सिद्धता टिकते, कारण ५९ आणि ५०९ या दोन्ही मूळ संख्या यादीबाहेरच्या आहेत. हे तिला पटवून सांगता येतं का, बघा. अडल्यावर ती लगेच मोबाईल उचलते की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कागदाशी येऊन बसते, याकडे माझं जास्त लक्ष राहील. शेजारी बसून पहारा मात्र करू नका.

हे जमलं, तर पुढचं पुस्तक कूरंट आणि रॉबिन्स यांचं ‘व्हॉट इज मॅथेमॅटिक्स?’ (१९४१). पहिली दोनच प्रकरणं, दिवसाला दोन-तीन पानं, पेन्सिल हातात. इंग्रजीमुळे सुरुवातीला वेग मंदावेल, ते चालेल; वाक्यं ठरावीक साच्याची असतात, महिन्याभरात सरावतात. सोबत रीजनल ऑलिंपियाड या गणित स्पर्धेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतला आठवड्याला एक प्रश्न पुरे. आठवडाभरात सुटला नाही तरी प्रयत्नांचे कागद फेकू नयेत.

आता प्रवेशाचं. भारतीय सांख्यिकी संस्थेची संख्याशास्त्राची पदवी बी.स्टॅट. कोलकात्याला, गणिताची बी.मॅथ. बंगळुरूला, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचं बी.एस्सी. चेन्नईजवळ. दोन्हीकडच्या परीक्षांत सविस्तर उत्तरांचे प्रश्न येत आले आहेत आणि तिथे नुसतं उत्तर लिहून भागत नाही. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेची परीक्षा वेगळी: सगळे प्रश्न बहुपर्यायी, गणिताबरोबर भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रही. जीवशास्त्र सोडलं असेल तर तिथले गुण हातचे जातात, हे आधीच धरून चला. त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, क्लासवाल्यांवर विसंबू नका.

यातलं काहीच झालं नाही तर चांगल्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. ही वाट उरतेच. तिथे असताना एमटीटीएस या गणित प्रशिक्षण उपक्रमाच्या उन्हाळी शिबिराला अर्ज करावा. १९९३ पासून चालणारं हे शिबिर पदवीच्या मुलांना सिद्धता लिहायला शिकवतं.

वडिलांची काळजी पैशांची असेल, तर ती रास्त आहे. शुद्ध गणितात संशोधक-प्राध्यापक व्हायचं म्हणजे पदवी, एम.एस्सी., पीएच.डी. मिळून बारावीनंतर साधारण दहा वर्षं. संख्याशास्त्राकडे वळली तर नोकरी त्याच्या बरीच आधी लागू शकते, म्हणून बी.स्टॅट.चा अर्ज भरायलाच सांगा. सीईटीही देऊ दे. वरचे दोन प्रयोग दिवाळीच्या सुट्टीत होतील. तिचे कागद वडिलांनाही दाखवा आणि मग तिघं बसून बोला.