होम लोन फिटलं पण बँकेने घराचे ओरिजिनल पेपर हरवले, आता काय?

नमस्कार ताई,

तुमचा मेल आणि सोबतचे फोटो बघितले. कोपरखैरण्याचा सिडकोचा फ्लॅट तुम्ही 2009 ला रिसेलमध्ये घेतला, लोन 5 जानेवारी 2025 ला पूर्ण फेडलं, बँकेने एनओसीपण दिली, पण ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट आणि सिडकोचं अलॉटमेंट लेटर अजून हातात नाही. ब्रांचला गेलं की "सेंट्रल गोडाऊनला मेल टाकलाय मॅडम", आणि आता जूनमध्ये मॅनेजर म्हणतात फाइल सापडत नाही, पोलिसात हरवल्याची तक्रार तुम्हीच करा, आम्ही 15 हजार देतो, या पत्रावर सही करा. तिकडे फ्लॅट घेणारी पार्टी टोकन परत मागतेय.

सही अजिबात करू नका. त्या पत्रातली तिसरी ओळ परत वाचा, "सदर रक्कम स्वीकारल्यानंतर माझी बँकेविरुद्ध कोणतीही तक्रार राहणार नाही". बँक 15 हजार देतेय ते या एका ओळीसाठी, कारण मॅनेजरना चांगलं माहितीये की खरा आकडा केवढा आहे.

तर खरा आकडा असा. रिझर्व्ह बँकेचं 13 सप्टेंबर 2023 चं परिपत्रक आहे, 1 डिसेंबर 2023 पासून लागू. लोन पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत ओरिजिनल कागद परत द्यायचे आणि रजिस्ट्रीत नोंदवलेला बोजापण काढायचा. नाही दिले तर उशीर का झाला ते ग्राहकाला कळवायचं, आणि उशीर बँकेमुळे असेल तर दर दिवसाला 5,000 रुपये द्यायचे. कागद हरवले किंवा खराब झाले असतील तर बँकेला आणखी 30 दिवस मिळतात, म्हणजे भरपाई 60 दिवसांनंतर मोजायची, पण वर डुप्लिकेट किंवा सर्टिफाइड कॉपी मिळवायला मदत करायची आणि तो खर्चही बँकेनेच सोसायचा. हे सहकारी बँका आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही लागू आहे, त्यामुळे "आमची बँक छोटी आहे" वगैरे ऐकून घेऊ नका.

आता तुमचा हिशोब. कागद नुसते अडकलेत असं धरलं तर 30 दिवस 4 फेब्रुवारीला संपले, 10 जूनपर्यंत 126 दिवस, म्हणजे 6 लाख 30 हजार. हरवलेत असं धरलं तर 6 मार्चनंतर मीटर चालू, 96 दिवसांचे 4 लाख 80 हजार. कसंही धरलं तरी लेखी दिलं की आकडा लाखांत जातो, म्हणून बँक हरवले असं लेखी देत नाही आणि तोंडी मात्र तेच सांगत बसते. तुम्ही एकच करायचं, ब्रांच मॅनेजरच्या नावाने साधं पत्र: लोन अमुक तारखेला फिटलं, कागद मिळालेले नाहीत, ते कुठे आहेत आणि उशिराचं कारण काय ते लेखी कळवा, परिपत्रकाप्रमाणे भरपाई द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या, टपाल स्वीकारणारा नाही म्हणाला तर स्पीड पोस्ट आणि सोबत ईमेल. फोनवर बोललेलं पुढे काही कामाला येत नाही हो.

एक गोष्ट जपा. "उशीर बँकेमुळे" या शब्दांवरच बँक खेळणार, की मिस्टर को-बॉरोअर (सहकर्जदार) आहेत ते सहीला आलेच नाहीत म्हणून थांबलं. तेव्हा पत्रावर दोघांच्या सह्या करा आणि आम्ही दोघं कधीही यायला तयार आहोत असं त्यातच लिहून टाका. लोन घेताना कागद जमा केल्याची यादी मिळाली असेल ती शोधा, त्यात अ‍ॅग्रीमेंट किती पानी, रजिस्ट्रेशनची पावती, शेअर सर्टिफिकेट असं एकेक लिहिलेलं असतं. ती सापडली तर निम्मं काम झालं.

पोलिसातली तक्रार तुम्ही का म्हणून करायची? तिथे कुठे हरवले ते सांगावं लागतं, तुमच्या हातून तर काही हरवलंच नाही, आणि उद्या बँक तोच कागद पुढे करून म्हणेल बाईंनीच हरवले. तक्रार, पेपरातली जाहीर नोटीस, सगळं बँकेने करायचं. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर्ड आहे त्यामुळे सब-रजिस्ट्रारकडे सर्टिफाइड कॉपी आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश उतारा) मिळतो, अलॉटमेंट लेटरसाठी बेलापूरला सिडकोकडे अर्ज करायचा. बँकेकडून लेटरहेडवर एवढं घ्याच की ओरिजिनल आमच्या ताब्यात असताना गहाळ झाले, घेणाऱ्याची बँक पहिल्यांदा तेच मागेल. सरसायवरचा (तारण मालमत्तांची केंद्रीय रजिस्ट्री) बोजा निघाला का तेही विचारा, आणि एनओसीची कॉपी सोसायटीत देऊन तिथली लोनची नोंद काढून घ्या, हे बरेच जण विसरतात आणि ट्रान्सफरच्या वेळी धावपळ होते.

पत्राला 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा गोलमोल आलं तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) ऑनलाइन तक्रार टाका, फी नाही, वकीलही लागत नाही (मी माझंच नुकसान करतेय). पण आधी ग्राहक आयोगात केस टाकून मग ओम्बड्समनकडे जाल तर तिथे ते घेणार नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नका. ओम्बड्समनकडे समाधान झालं नाही तर मग आयोग, तिथे दोन वर्षांची मुदत असते आणि दिवसाच्या 5,000 शिवाय बाकीचं नुकसानही मागता येतं, ग्राहकाचे इतर हक्क शाबूत राहतात असं परिपत्रकातच म्हटलंय.

म्हणून टोकनच्या बाबतीत तोंडी काही ठरवू नका. पार्टीला बँकेला दिलेल्या पत्राची पोच दाखवा, मुदत वाढवून देत असतील तर दोन ओळी लिहून सह्या घ्या. नाहीच थांबले आणि व्यवहार मोडला तर मोडल्याचं कारण त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण लेखी घ्या, आणि टोकन रोख न देता खात्यातूनच परत करा.