वांगं झालेला पिट

प्रश्न : 'किड इकारस' या व्हिडिओ गेममधल्या किल्ल्यात जादूगार नायक पिटचं वांगं करतो, मग बाणच सुटत नाही. काय करावं?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : वाट पाहून उपयोग नाही, वांगं आपोआप उतरत नाही. त्याच किल्ल्यातलं इस्पितळ गाठा. तिथली परिचारिका पिटला बरं करते. तोवर शत्रूंना फक्त चुकवायचं. म्हणून इस्पितळ कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा, हे फार महत्त्वाचं! किल्ल्याच्या नकाशासाठी चौकटीच्या वहीत ८×८ घरं आखा, प्रत्येक खोली, जिना आणि दार टिपा. खेळातला नकाशा मिळाला तरी खेळातलीच पेन्सिल आणि मशाल नसेल, तर पाहिलेल्या खोल्या व आपली जागा त्यावर दिसत नाही. जादूगार वांगी कमानीसारख्या वाटेने फेकतो. तिचा अंदाज घेऊनच पुढे सरका.