पेट्रोल खराब की गाडी सदोष? वॉरंटी नाकारलेल्या दुचाकीधारकाला उत्तर

आपल्या पत्रातील हकिगत थोडक्यात अशी. आठ महिन्यांपूर्वी घेतलेली मोटारसायकल आपण पार्सल पोहोचवण्याच्या कामासाठी स्वतः चालवता. एका सकाळी टाकी पूर्ण भरल्यावर थोड्याच अंतरात गाडी धक्के देऊ लागली, चढावर पिकअप मिळेना, इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी बंद पडली. सर्व्हिस सेंटरने टाकीतील पेट्रोल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये काढून ठेवले, जॉबकार्डवर ‘भेसळयुक्त इंधन, वॉरंटी लागू नाही’ असे लिहून आपली सही घेतली आणि फ्युएल पंप व इंजिनात इंधन फवारणारा इंजेक्टर स्वखर्चाने बदलण्यास सांगितले. त्या दिवशी दुसऱ्या कोणाचीही तक्रार आली नाही, असे पेट्रोल पंपाचे म्हणणे आहे. तक्रार कोणाविरुद्ध करावी, असा आपला प्रश्न आहे.

दोष इंधनाचा की गाडीचा, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही आणि सर्व्हिस सेंटरही त्याला अपवाद नाही. पेट्रोलची तपासणी झाल्याशिवाय लिहिलेला ‘भेसळयुक्त’ हा शब्द म्हणजे केवळ एक मत आहे. जॉबकार्डवरील आपल्या सहीचा अर्थ गाडी दुरुस्तीस दिली एवढाच धरता येतो. इंधनाचा दोष आपण मान्य केला, असा नव्हे. तरीही ही बाब तशीच सोडू नये. ‘इंधनाबाबतचा शेरा मला मान्य नाही, तो कोणत्या चाचणीच्या आधारे दिला ते लेखी कळवावे’ असे पत्र किंवा ईमेल आजच पाठवावे. त्याच पत्रात काढलेले सुटे भाग, जुना प्लग आणि फिल्टर जपून ठेवण्याची, तसेच इंजिनाच्या संगणकातील दोष-कोड पुसण्यापूर्वी त्यांची छापील प्रत देण्याची मागणी करावी. दिवा लागला त्या क्षणीचे इंजिनाचे तापमान, फेरे आणि इंधनाचे प्रमाण यांची नोंद अनेक गाड्यांत कोडसोबत राहते, आणि दुरुस्तीच्या वेळी कोड पुसले की तीही जाते. अशा प्रकरणांत सर्वांत मोलाचा पुरावा नेमका इथेच हरवतो, म्हणून मी हे आग्रहाने सांगत आहे.

आता त्या कॅनविषयी. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात व तळाशी बसतात. टाकीतून इंधन ओढणाऱ्या फ्युएल पंपाचे तोंड तळाशीच असल्यामुळे इंजिनात प्रथम हाच थर जातो आणि आपण वर्णन केलेली लक्षणे दिसतात. स्वच्छ काचेच्या बरणीत नमुना काही वेळ स्थिर ठेवला तर दोन थरांमधील रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिचे छायाचित्र तारखेसह घ्यावे. परंतु दोन आठवडे उघड्या कॅनमध्ये राहिलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून गेलेले असतात, त्यामुळे त्याची घनता मोजून काही सिद्ध होणार नाही, आणि त्यात पाणी आढळलेच तर ते नंतर शिरले असे पेट्रोल पंपाचे वकील म्हणतील. पेट्रोल घरी आणून ठेवू नये. ते धोक्याचे आहे. सर्व्हिस सेंटर आणि पेट्रोल पंप या दोन्ही पक्षांना लेखी सूचना देऊन, त्यांच्या समक्ष, सर्व्हिस सेंटरमध्येच नमुना धातूच्या डब्यात सीलबंद करून घ्यावा. कोणी हजर राहिले नाही, तर पंचनाम्यात तसे नमूद करावे.

आपल्या बाजूची एक कमकुवत जागाही स्पष्ट सांगतो. पाणी झाकणाच्या कडेनेही टाकीत शिरू शकते. झाकणाभोवतीचे पाणी खाली वाहून नेणारी बारीक नळी मातीने बुजली, तर पावसाचे किंवा गाडी धुतानाचे पाणी आत झिरपते. फ्युएल पंपाच्या जाळीवर आणि टाकीच्या तळाला जुना गंज दिसला, तर पाणी त्या एका भरणीतून आले हे म्हणणे टिकणार नाही. उलट टाकीचा तळ चकचकीत असेल आणि तरीही पाण्याचा थर मिळाला, तर संशय पेट्रोल पंपाकडे जातो. आणि पाणी मुळीच सापडले नाही, पण फ्युएल पंपाचा दाब कमी निघाला, तर हा वॉरंटीचा सरळ दावा आहे. त्यामुळे टाकीच्या आतील भागाचे चित्रीकरण आधी करून घ्यावे.

पेट्रोल पंपाकडे भरणीची पावती किंवा ऑनलाइन व्यवहाराची वेळ देऊन त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जपण्याची लेखी मागणी करावी, तक्रारवहीत नोंद करावी आणि तेल कंपनीकडून तक्रार क्रमांक घ्यावा. पंपावर घनतेची रोजची नोंद आणि साठवण टाकीतील पाण्याची तपासणी असते. या नोंदी ग्राहक आयोगामार्फत मागवता येतात. भेसळीबाबत 2005 चा मोटर स्पिरिट (म्हणजे पेट्रोल) व हायस्पीड डिझेल आदेश अत्यावश्यक वस्तू अधिनियमाखाली लागू आहे आणि त्यानुसार नमुने घेण्याचा अधिकार प्राधिकृत अधिकाऱ्यांना आहे, म्हणून पुरवठा विभागाकडेही अर्ज द्यावा. मात्र आज घेतलेला नमुना आजच्या साठ्याचा असेल, हे ध्यानात ठेवावे.

तक्रार ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल. व्यावसायिक वापरामुळे आपण ‘ग्राहक’ नाही, असा आक्षेप पहिल्याच दिवशी येईल. कलम 2(7) च्या स्पष्टीकरणानुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत मोडत नाही. म्हणून गाडी आपण स्वतः चालवता आणि त्यावरच घर चालते, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात शपथपत्रासह मांडावे. विक्रेता, उत्पादक आणि पेट्रोल पंप या तिघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करावे. दाद नेमकी कोणाकडून मिळावी याबद्दल शंका असेल, तर त्या सर्वांना एकत्र प्रतिवादी करता येते, हे तत्त्व दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1, नियम 7 मध्ये आहे आणि आयोगापुढे त्याचा आधार घेता येतो. ‘पेट्रोल भेसळीचेच होते’ असे ठाम विधान मात्र करू नये, कारण तपासणी उलट आली तर आपलेच वाक्य वॉरंटीच्या दाव्याविरुद्ध वापरले जाईल.

ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 38(2)(क) खाली दोष तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा आणि कलम 38(8) खाली सुटे भाग व सीसीटीव्ही चित्रण जपण्याच्या अंतरिम आदेशाचा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा. वस्तूचा मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर दाखल शुल्क नाही, आपण राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. पूर्ण गाडी बदलून मागण्याचा मोह टाळावा. सदोष भाग बदलून देण्याची हमी असेल, तर संपूर्ण वाहन बदलून मागता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या एका निकालात घेतली आहे. दुरुस्तीचा खर्च, बुडालेले उत्पन्न आणि मानसिक त्रासाची भरपाई, एवढी मागणी नेटाने टिकते. बुडालेल्या उत्पन्नासाठी मागील सहा महिन्यांचे बँक उतारे काढून ठेवावेत.

काम थांबल्यामुळे गाडी तातडीने हवी असेल, तर पैसे भरून दुरुस्ती करून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. त्याआधी टाकीचे चित्रीकरण आणि नमुन्याचे सील पूर्ण झालेले असावे, जुने भाग मोहोरबंद पिशवीत ताब्यात घ्यावेत आणि बिलावर सही करताना आपल्या हाताने लिहावे: ‘रक्कम निषेध नोंदवून, माझे सर्व हक्क राखून भरत आहे.’