न विचारता बायोडाटा ग्रुपवर टाकला तर काय करावं?

मामांनी न विचारता तुमचा लग्नाचा बायोडाटा समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आता अनोळखी फोन येतायत, असं तुम्ही लिहिलंय. ताई, आमच्या घरात तो मामा मीच होतो, म्हणून उत्तर देतोय.

आम्ही अमळनेरचे. धाकट्या बहिणीचा बायोडाटा मीच टाकला. जन्मवेळ, उंची, पगार, गल्लीसकट पत्ता, आणि खाली तिचाच नंबर, कारण वडिलांना फोनवर नीट ऐकू येत नाही. रात्री साडेअकराला सुरतेहून कुणाचा तरी फोन आला तेव्हा तिला कळलं. "दादा, पगार मी फक्त तुला सांगितला होता," एवढंच बोलली. मी उलट आईचं वाक्य तिच्या तोंडावर मारलं, "नंबर नही टाका ते स्थय कसं येई?" तिचं लग्न झालं, पोरगी चालायला लागली, तरी गेल्या दिवाळीत नाशिकहून एकांनी विचारलं, "स्थळ अजून आहे का?"

तेव्हा आधी मामांना गाठा, आईला मध्ये घेऊन, कारण आपल्याकडे भाची थेट बोलली की मामाचा मान आडवा येतो. टाकून दोन दिवस झाले नसतील तर 'सगळ्यांसाठी डिलीट' चालेल. उशीर झाला असेल तर ग्रुपवर त्यांनीच लिहावं, 'हा बायोडाटा पुढे पाठवू नये.' ज्यांनी आधीच उतरवून घेतलाय त्यांच्याकडचा मात्र जात नाही. प्रोफाइल फोटो फक्त काँटॅक्टना दिसेल असा ठेवा.

कायद्याचं म्हणाल, तर खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलंय. पण २०२३ चा डेटा संरक्षण कायदा घरगुती कामासाठी माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला लागू नाही, त्यामुळे मामांवर तो उगारायला जाऊ नका. स्पष्ट नाही म्हटल्यावरही एखादा पुरुष पुन्हापुन्हा फोन करत असेल तर गोष्ट वेगळी. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, म्हणजे बाईचा पाठलाग करण्याच्या गुन्ह्यात येतो. कॉलची यादी आणि मेसेज जपून ठेवा, सरळ पोलीस ठाण्यात जा.

यंदा चुलत भावाचा बायोडाटा माझ्याकडेच आला. पगाराची ओळ काढली, पत्त्यात फक्त तालुका, नंबर काकांचा. पाठवण्याआधी त्याला दाखवला, तर त्याने फोटोच बदलायला लावला. म्हणे, यात माझं टक्कल दिसतं.