दोनशे फिल्टर आणि हरवलेली नोटीस

प्रश्न: मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात काम करते. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये फिल्टर (मेल आपोआप ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकणारे नियम) वाढत वाढत दोनशेच्या वर गेलेत, नवा क्लायंट आला की एक, बँकेने पत्ता बदलला की अजून एक. परवा इन्कम टॅक्सचा नोटिशीचा मेल जाहिरातींच्या फोल्डरमध्ये सापडला, तोही अगदी मुदत संपता संपता. त्याचा वेगळा फिल्टर आहे, चालू पण आहे, मग असं का? आणि फिल्टरांचे गट करता येतात का?

उत्तर: गट नाही करता येत ताई, इतकी वर्षं झाली तरी तिथे एक सरळ लांबलचक यादीच आहे, प्रत्येक अकाउंटची वेगळी. ती वरून खाली चालते आणि एका फिल्टरने मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की खालच्यांच्या वाट्याला तो येतच नाही. तुमच्या जाहिरातींच्या फिल्टरमध्ये 'विषयात अपडेट किंवा रिमाइंडर असेल तर हलव' असलं काहीतरी असणार आणि तो वर जाऊन बसलाय. खात्री करायची तर फिल्टरच्या खिडकीतच फिल्टर लॉगचं बटण आहे, तो चालू करा, पुढचे मेल कुठल्या फिल्टरने पकडले ते नावानिशी दिसेल.

म्हणून आधी क्रम लावा. ज्यात पाठवणाऱ्याचा नेमका पत्ता किंवा डोमेन (पत्त्यातला @ च्या पुढचा भाग) आहे ते सगळे वर, सरकारी खाती तर एकदम वर, आणि विषयातल्या शब्दांवर चालणारे तळाला. (फिल्टर फक्त जागा लावतो बरं का, मेल खरंच खात्याकडून आलाय की कुणी नाव लावून पाठवलाय ते तुम्हालाच बघावं लागणार.)

मग संख्या. एका फोल्डरला एकच फिल्टर, एवढं पाळलं तरी यादी निम्म्याने उतरावी. एकाच बँकेचे सात पत्ते म्हणजे सात फिल्टर नकोत, 'कुठलीही एक अट' निवडून आत सात ओळी टाका, नाहीतर नुसतं डोमेन टाका. क्लायंटसाठी त्याहून सोपं म्हणजे 'जीएसटी क्लायंट' नावाचं वेगळं अ‍ॅड्रेस बुक बनवा आणि 'पाठवणारा या अ‍ॅड्रेस बुकात आहे' अशी एकच अट ठेवा, मग नवीन क्लायंट आला की फक्त त्याचा पत्ता बुकात घालायचा, फिल्टरला हात लावायचाच नाही. मला विचाराल तर ही सोय फार कमी लोक वापरतात.

नावं पण नीट द्या, 'बँक – स्टेटमेंट', 'बँक – कर्ज' अशी, कारण यादीवरचा शोध नावावरच चालतो आणि नुसत्या पत्त्याच्या नावाने पडलेले फिल्टर 'बँक' शोधलं तर सापडत नाहीत. जुने लगेच डिलीट करू नका, टिक काढून महिनाभर ठेवा, तक्रार आली नाही तर उडवा.

आणि हे सगळं करायच्या आधी थंडरबर्ड बंद करून, प्रोफाइल फोल्डरमध्ये (थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज जिथे ठेवतं तो) त्या अकाउंटच्या फोल्डरात 'एमएसजीफिल्टररूल्स डॉट डॅट' (msgFilterRules.dat) नावाची फाइल असते तिची कॉपी काढून ठेवा. साधी टेक्स्ट फाइल आहे, सगळे फिल्टर तिच्यातच असतात. बिघडलं काही तर परत थंडरबर्ड बंद करून तीच तिथे ठेवायची.

प्रश्न: जीमेलमध्ये पण असाच क्रम लावायचा का?

उत्तर: नाही, तिथे क्रमच नसतो, जेवढे फिल्टर जुळतील तेवढे सगळे लागू होतात, म्हणून एकाच मेलवर तीन-तीन लेबलं दिसतात. बॅकअप मात्र सोपा, सेटिंग्जमध्ये फिल्टरांवर टिक करून एक्सपोर्ट दाबा, एक्सएमएल फाइल मिळते. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये करा, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ते सापडणार नाही.